नाशिकचा खासदार कसा निवडून येतो : यादीतल्या नावापासून निकालाच्या फेऱ्यांपर्यंत

मतदानाच्या दिवशी नाशिकच्या जवळपास प्रत्येक केंद्राबाहेर कोणीतरी हातात मतदार ओळखपत्र घेऊन वाद घालताना दिसतं. कार्ड खरं असतं, पत्ता बरोबर असतो, मागच्या वेळी मतही दिलेलं असतं. फक्त यादीत नाव नसतं. आणि नाव नसेल तर मतदान केंद्राध्यक्षाच्या हातात काहीही उरत नाही. मत देण्याचा अधिकार कार्डाने मिळत नाही, यादीने मिळतो. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा यादीला दिली आहे.

आधी ठरवा : तुमचा मतदारसंघ नेमका कोणता?

प्रश्न सोपा वाटतो, पण नाशिक जिल्ह्यात राहणारा माणूस नाशिक लोकसभेचाच मतदार असेल असं नाही. जिल्ह्यात विधानसभेचे १५ मतदारसंघ आहेत आणि ते तीन लोकसभा मतदारसंघांत विभागले आहेत. नाशिक लोकसभेत सहा येतात : सिन्नर, नाशिक पूर्व, नाशिक मध्य, नाशिक पश्चिम, देवळाली आणि इगतपुरी. दिंडोरी लोकसभेत नांदगाव, कळवण, चांदवड, येवला, निफाड आणि दिंडोरी. उरलेले तीन, म्हणजे मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य आणि बागलाण, धुळे लोकसभेला जोडलेले आहेत. सटाण्याचा शेतकरी कामासाठी नाशिकच्या जिल्हाधिकारी कार्यालयात येतो, पण त्याचा खासदार धुळ्याचा.

ही रचना २००८ च्या पुनर्रचनेतून आली आणि २००९ च्या निवडणुकीपासून लागू आहे. त्याआधी मालेगाव हा स्वतंत्र लोकसभा मतदारसंघ होता, दिंडोरी नव्हता. घरातली वडीलधारी माणसं अजून जुन्या हिशेबाने बोलतात, त्यामुळे त्यांच्या सांगण्यावर विसंबू नका. तालुक्यावरूनही अंदाज बांधू नका. लासलगाव निफाड तालुक्यात आहे, पण विधानसभेला ते येवला मतदारसंघात मोजलं जातं. त्र्यंबकेश्वर तालुका इगतपुरीबरोबर आहे, पेठ दिंडोरीबरोबर, सुरगाणा कळवणबरोबर, देवळा चांदवडबरोबर. ज्याला आपण नाशिकचा विमानतळ म्हणतो तो ओझरचा विमानतळही दिंडोरी लोकसभेच्या हद्दीत आहे.

शहरात पंचवटीचा भाग नाशिक पूर्वमध्ये, जुनं नाशिक आणि भद्रकाली मध्यमध्ये, सिडको आणि सातपूर पश्चिममध्ये. सीमेवरच्या कॉलन्यांत मात्र रस्त्याच्या एका बाजूला एक मतदारसंघ आणि दुसऱ्या बाजूला दुसरा असं सहज होतं. खरं उत्तर फक्त यादीत मिळतं.

आरक्षणाबद्दल एक गैरसमज सतत कानावर येतो. दिंडोरी लोकसभा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे, म्हणजे तिथे उमेदवार त्या प्रवर्गातलाच हवा. मतदान मात्र तिथला प्रत्येक नोंदलेला मतदार करतो. नाशिक लोकसभा खुली आहे. तिच्या पोटातली देवळाली अनुसूचित जातींसाठी आणि इगतपुरी अनुसूचित जमातींसाठी राखीव असली, तरी ते आरक्षण आमदार निवडताना लागू होतं, खासदार निवडताना नाही.

यादी : खरं काम इथे आहे

नाव तपासायचे तीन रस्ते आहेत. निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर ओळखपत्र क्रमांक टाकून किंवा नाव-वय-जिल्हा टाकून शोध घ्या. फोन हाताशी नसेल तर १९५० या क्रमांकावर विचारा. तिसरा रस्ता जुना आणि माझ्या मते अजूनही सगळ्यात भरवशाचा : आपल्या भागातल्या बीएलओला गाठा. बीएलओ म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, बहुतेक वेळा जवळच्या शाळेतले शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका. त्यांच्याकडे तुमच्या यादी भागाची छापील प्रत असते.

शोधताना फक्त आपलं नाव बघून थांबू नका. विधानसभा मतदारसंघाचं नाव, यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक लिहून घ्या. घरातल्या सगळ्यांची नावं एकाच भागात आहेत का, हेही पाहा. नवरा एका शाळेत, बायको दुसऱ्या शाळेत आणि मुलगा यादीतच नाही, ही परिस्थिती शहरात नवीन नाही. वाडवडिलांची नावं मृत्यूनंतर तशीच राहिली असतील तर तीही कमी करून घ्या. मृतांच्या नावांनी फुगलेल्या यादीत तोतया मतदाराला वाव मिळतो, आणि मतदानाची टक्केवारीही खोटी दिसते.

आता अर्ज. नमुना ६ फक्त पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्यासाठी आहे. नमुना ७ नाव वगळण्यासाठी किंवा एखाद्या नावावर हरकत घेण्यासाठी. नमुना ८ बाकी जवळपास सगळ्यासाठी : पत्ता बदलला, नाव किंवा जन्मतारीख चुकली, कार्ड हरवलं, दिव्यांग म्हणून नोंद करायची आहे.

सगळ्यात मोठी गफलत ६ आणि ८ मध्ये होते. लग्न होऊन मुलगी निफाडहून नाशिकला आली, किंवा कुटुंब भाड्याचं घर सोडून पाथर्डी फाट्याला स्वतःच्या फ्लॅटमध्ये गेलं, की लोक नवा नमुना ६ भरतात. त्यात आपण आधी कुठेच नोंदलेलो नाही असं प्रतिज्ञापन असतं. म्हणजे नकळत खोटं लिहून दिलं जातं आणि नाव दोन ठिकाणी लागतं. एका व्यक्तीचं नाव एकापेक्षा जास्त ठिकाणी असायला कायद्याने मनाई आहे, आणि जाणूनबुजून खोटं प्रतिज्ञापन दिलं तर एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. घर बदललं असेल तर नमुना ८, एवढं घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

नव्या मतदारांसाठी २०२२ पासून नियम सोपा झाला आहे. आधी १ जानेवारी ही एकच अर्हता तारीख होती, म्हणजे त्या तारखेला वयाची १८ पूर्ण असावी लागत. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार आहेत. वयाची १७ पूर्ण झाली की आगाऊ अर्ज करता येतो, आणि १८ पूर्ण झाल्यावर येणाऱ्या तिमाहीत नाव लागतं. अर्जाला फोटो, वयाचा पुरावा आणि राहण्याचा पुरावा लागतो. आधार क्रमांक देणं ऐच्छिक आहे, तो दिला नाही म्हणून अर्ज नाकारता येत नाही.

राहण्याचा पुरावा म्हणजे घरमालकीचा पुरावा नव्हे. कायद्याला तुम्ही तिथे सर्वसाधारणपणे राहता एवढंच पाहायचं असतं. वसतिगृहात राहणारा विद्यार्थी नाशिकमध्ये नोंद करू शकतो किंवा गावचंच नाव ठेवू शकतो, दोन्ही मात्र नाही. द्राक्षांच्या हंगामात पेठ-सुरगाण्याहून निफाड-दिंडोरीच्या बागांवर येणाऱ्या मजुरांचं नाव गावच्याच यादीत राहतं. हंगामापुरतं बाहेर जाण्याने ते जात नाही. तुमच्या बागेवर अशी कुटुंबं कामाला असतील तर त्यांना हे सांगा. ‘इथे राहतो म्हणजे तिकडचं मत गेलं’ असं समजून गप्प बसणारे बरेच आहेत.

अर्ज केल्यावर संदर्भ क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा. हरकतींसाठी सात दिवस जातात, बीएलओ घरी येऊन खात्री करतो, मग मतदार नोंदणी अधिकारी निर्णय देतो. अर्ज फेटाळला तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं, आणि त्या निकालावर ३० दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे दुसरं. ही वाट फार थोडे लोक वापरतात, वास्तविक ती साध्या अर्जाने चालता येते.

मुदत कधी संपते? उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी यादी गोठते. हरकतीचे दिवस धरले तर तुमचा अर्ज त्याच्या किमान दहा दिवस आधी गेलेला हवा. आचारसंहिता लागल्याची बातमी ऐकून धावपळ करणाऱ्यांना म्हणूनच फार थोडा वेळ उरतो. निवडणूक नसलेल्या वर्षी, दिवाळीच्या साफसफाईबरोबर एकदा नाव तपासलं तर ही वेळ येत नाही. महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, पण त्यांच्या याद्याही याच विधानसभा यादीतून काढल्या जातात. इथे नाव गेलं की तिथेही गेलं.

उमेदवार ठरतो तेव्हा

लोकसभेच्या उमेदवाराचं वय किमान २५ हवं आणि त्याचं नाव देशातल्या कुठल्याही लोकसभा मतदारसंघाच्या यादीत असलं तरी चालतं. म्हणूनच नाशिकच्या माजी महापौर शोभा बच्छाव २०२४ मध्ये धुळ्यातून लढू आणि जिंकू शकल्या. सूचक, म्हणजे अर्जावर सही करून उमेदवाराचं नाव सुचवणारे मतदार, मात्र त्याच मतदारसंघातले लागतात : मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक, इतरांना दहा. अनामत २५ हजार रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १२,५००. वैध मतांच्या एक षष्ठांश मतंही मिळाली नाहीत तर डिपॉझिट जप्त.

नाशिकचं २०२४ चं वेळापत्रक समोर ठेवलं की सगळे टप्पे कळतात. २६ एप्रिलला अधिसूचना निघाली, ३ मेपर्यंत अर्ज, ४ मेला छाननी, ६ मेला माघारीची मुदत, २० मेला मतदान आणि ४ जूनला मोजणी. माघार आणि मतदान यांत किमान १४ दिवस ठेवावेच लागतात, म्हणजे खरा प्रचार दोनच आठवड्यांचा. त्या वेळी महायुतीचा नाशिकचा उमेदवार जाहीर व्हायला १ मे उजाडला होता. हा आमचा अधिकृत उमेदवार असं पक्ष ज्यात लिहून देतो तो ए-बी फॉर्म अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी ३ पर्यंत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या हाती पडला नाही, तर पक्षाचं चिन्ह मिळत नाही. शेवटच्या रात्री शहरभर त्या फॉर्मची चर्चा का चालते, ते यावरून समजावं.

मतदाराने या काळात एक गोष्ट आवर्जून करावी : उमेदवारांची शपथपत्रं वाचावीत. नमुना २६ मध्ये मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि गुन्हे यांची माहिती असते आणि ती आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही मोफत पाहता येते. गुन्हे दाखल असतील तर उमेदवाराला ती माहिती वृत्तपत्रांत आणि दूरचित्रवाणीवर तीनदा प्रसिद्ध करावी लागते. चौकातल्या फ्लेक्सपेक्षा ही पानं जास्त सांगतात. मागच्या वेळच्या शपथपत्राशी ताडून पाहिलीत तर आणखी.

खर्चाची मर्यादा महाराष्ट्रात लोकसभेसाठी ९५ लाख रुपये आहे. पैसे, दारू, भांडी वाटताना दिसलं तर निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल या तक्रारीच्या ॲपवर फोटो किंवा व्हिडिओ टाका. तक्रारीवर १०० मिनिटांत कार्यवाहीचं बंधन आहे, आणि नाव न देताही तक्रार करता येते.

उमेदवार एकच उरला तर मतदान होतच नाही. नाशिकने ते पाहिलं आहे. संरक्षणमंत्री झालेले यशवंतराव चव्हाण १९६३ च्या पोटनिवडणुकीत इथूनच बिनविरोध लोकसभेत गेले. त्याआधी १९५७ मध्ये काळाराम मंदिर सत्याग्रहाचे नेते दादासाहेब गायकवाड शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनकडून याच मतदारसंघातून निवडून आले होते. आणि १९७७ ते २०१४ या काळात नाशिकने एकही खासदार लागोपाठ दुसऱ्यांदा पाठवला नाही. तो क्रम २०१९ मध्ये हेमंत गोडसे यांनी मोडला, आणि २०२४ मध्ये राजाभाऊ वाजे यांनी त्यांना सुमारे १ लाख ६२ हजार मतांनी हरवलं. या मतदारसंघाला गृहीत धरणं कुठल्याच पक्षाला परवडलेलं नाही, आणि याचा मला नाशिककर म्हणून अभिमान आहे.

घरून मतदान आणि पगारी सुट्टी

वय ८५ च्या वर असेल किंवा ४० टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्व असेल, तर नमुना १२-ड भरून घरून मतदान करता येतं. अट एकच : अधिसूचनेपासून पाच दिवसांत अर्ज गेला पाहिजे. बीएलओ फॉर्म घेऊन घरी येणं अपेक्षित असतं. आला नाही तर तुम्हीच विचारा, कारण मुदत उलटली की घरून मत देण्याची सोय त्या निवडणुकीपुरती हातची जाते. आणि एकदा ही सोय मंजूर झाली की केंद्रावर जाऊन मत देता येत नाही.

अंबड-सातपूरच्या कारखान्यांत, दुकानांत किंवा हॉटेलात काम करणाऱ्याला मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टीचा हक्क आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५ ब मध्ये तो लिहिलेला आहे आणि रोजंदारीवरच्या कामगारालाही लागू आहे. सिन्नर किंवा इगतपुरीच्या गावात नाव असणाऱ्यांनी ठेकेदाराशी हे आधीच बोलून ठेवावं.

केंद्रावर

वेळ साधारण सकाळी ७ ते संध्याकाळी ६. सहाला रांगेत उभा असलेला प्रत्येक जण मत देऊ शकतो. रांगेच्या शेवटच्या माणसापासून पुढे चिठ्ठ्या वाटत येतात, म्हणजे मागून कोणी घुसू शकत नाही. मे महिन्यातलं ऊन लक्षात घेता सातचीच रांग बरी.

सोबत मूळ ओळखपत्र हवं. मतदार कार्ड नसेल तर आधार, वाहन परवाना, पॅन, पासपोर्ट, फोटो असलेलं बँक किंवा पोस्टाचं पासबुक, मनरेगा जॉब कार्ड यांपैकी काहीही चालतं. घरपोच येणारी मतदार चिठ्ठी मात्र ओळखीचा पुरावा नाही. तिच्यावर फक्त केंद्र आणि अनुक्रमांक पाहायचा.

पहिला अधिकारी ओळख तपासून तुमचं नाव मोठ्याने वाचतो, ते पक्षांच्या प्रतिनिधींना ऐकू जावं म्हणून. दुसरा डाव्या तर्जनीला शाई लावतो, नोंदवहीत सही घेतो आणि चिठ्ठी देतो. तिसरा ती चिठ्ठी घेऊन यंत्र चालू करतो.

आता यंत्रासमोर घाई करू नका. एका बॅलेट युनिटवर १६ बटणं असतात. २०२४ ला नाशिकमध्ये उमेदवार तीसच्या घरात होते, त्यामुळे दोन युनिटं शेजारी ठेवावी लागली. तुमचा उमेदवार दुसऱ्या युनिटवर असू शकतो. क्रम असा लागतो : आधी मान्यताप्राप्त पक्ष, मग नोंदणीकृत पक्ष, मग अपक्ष, आणि प्रत्येक गटात मराठी वर्णानुक्रम. शेवटी ‘नोटा’, म्हणजे ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय.

नाव, फोटो आणि चिन्ह तिन्ही पाहा. याची किंमत दिंडोरीने २०२४ मध्ये दाखवून दिली. राष्ट्रवादी शरदचंद्र पवार गटाचे भास्कर भगरे यांचं चिन्ह होतं तुतारी वाजवणारा माणूस. त्यांच्याच आडनावाच्या एका अपक्षाला नुसती तुतारी मिळाली, आणि त्या अपक्षाने १ लाखाहून अधिक मतं घेतली. भगरे १ लाखाच्या वर मताधिक्याने जिंकले म्हणून निभावलं. लढत अटीतटीची असती तर दिंडोरीचा खासदार त्या गोंधळाने ठरला असता.

निळं बटण दाबलं की लाल दिवा लागतो, बीप वाजतो आणि व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या, काचेमागे तुमच्या उमेदवाराची चिठ्ठी ७ सेकंद दिसते. ती बघूनच बाहेर पडा. चिठ्ठीवर दुसरंच नाव दिसलं तर तिथेच केंद्राध्यक्षाला सांगा. लेखी प्रतिज्ञापन देऊन चाचणी मत घेता येतं. आरोप खोटा ठरला तर शिक्षेची तरतूद आहे, म्हणून खात्री असेल तरच.

तुमच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेलं असेल तर परत फिरू नका. ओळख पटवून दिलीत तर छापील मतपत्रिकेवर प्रदत्त मत देता येतं. लोक त्याला टेंडर व्होट म्हणतात. ते वेगळ्या पाकिटात राहतं आणि सर्वसाधारण मोजणीत धरलं जात नाही, पण निकाल कोर्टात गेला तर त्याला वजन येतं. तसंच, बीएलओने तुम्हाला अनुपस्थित, स्थलांतरित, मयत अशा यादीत टाकलं असेल तरी नाव मूळ यादीत असेपर्यंत मत देता येतं. ओळखीची तपासणी जास्त कडक होते, एवढंच.

मोजणी : फेऱ्यांचे आकडे कसे वाचायचे

नाशिकची २०२४ ची मोजणी अंबडच्या केंद्रीय वखार महामंडळाच्या गोदामात झाली. मोजणी लोकसभेची असली तरी ती विधानसभानिहाय चालते. प्रत्येक मतदारसंघाची टेबलं वेगळी, फेऱ्या वेगळ्या. टपाली मतं आधी हाती घेतली जातात. शेवटी प्रत्येक विधानसभा मतदारसंघातल्या पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजून यंत्राशी ताडल्या जातात, म्हणजे नाशिक लोकसभेसाठी एकूण ३०.

सुरुवातीच्या फेऱ्यांवरून निकाल सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. कुठल्या विधानसभेच्या किती फेऱ्या झाल्या, हे विचारा. २०२४ मध्ये एकट्या सिन्नरने वाजे यांना लाखाहून अधिक आघाडी दिली. धुळ्यात तर पाच विधानसभा मतदारसंघांचं एकत्रित मताधिक्य मालेगाव मध्यच्या एका गठ्ठ्याने पालटलं, आणि बच्छाव ३,८३१ मतांनी निवडून आल्या. त्याच वर्षीच्या विधानसभेला मालेगाव मध्यचा निकाल १६२ मतांनी लागला. एवढी मतं एका मतदान केंद्राच्या यादीत सहज भरतात.

सर्वाधिक मतं ज्याला, तो विजयी. निम्म्याहून अधिक मतांची अट नाही, दुसरी फेरीही नाही. नोटाला कितीही मतं पडली तरी निकाल उमेदवारांमध्येच लागतो.

प्रत्येक केंद्रावर मतदान संपताना नमुना १७-क भरला जातो, त्यात त्या यंत्रातल्या एकूण मतांचा आकडा असतो आणि प्रतिनिधींना त्याची प्रत मिळते. तुम्ही एखाद्या उमेदवाराचे बूथ प्रतिनिधी असाल, तर ती प्रत घेतल्याशिवाय केंद्र सोडू नका. मोजणीच्या टेबलावर यंत्राचा आकडा तिच्याशीच जुळवायचा असतो.

निकालानंतर

निकालावर आक्षेप असेल तर ४५ दिवसांत मुंबई उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करता येते. ती हरलेल्या उमेदवाराप्रमाणेच मतदारसंघातला साधा मतदारही करू शकतो. उमेदवारांनी ३० दिवसांत खर्चाचा हिशेब द्यायचा असतो, आणि अल्प शुल्क भरून तो कोणालाही पाहता येतो.

खासदाराला स्थानिक विकास निधीतून वर्षाला ५ कोटी रुपयांपर्यंतची कामं सुचवता येतात. मंजुरी आणि अंमलबजावणी जिल्हा प्रशासनाकडे असते. गावातलं किंवा कॉलनीतलं काम सुचवायचं असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव किंवा रहिवाशांच्या सह्यांचा अर्ज खासदारांच्या संपर्क कार्यालयात द्या, पोच घ्या आणि त्याची एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयातल्या नियोजन शाखेत टाका.